एका यंत्रातली दोन घरं आणि सामाईक कपाट

(बदलापूर इथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सुरुवातीलाच एक खुलासा करतो. मी कॉम्प्युटरचा माणूस नाही. माझी पीएच.डी. तत्त्वज्ञानातली, आयुष्य कॉलेजात शिकवण्यात गेलं, आणि पहिला कॉम्प्युटर हाताळला तो पन्नाशीच्या उंबरठ्यावर. तेव्हा कुठलं बटण दाबायचं हे मी आज शिकवणार नाही. ते तुमची नातवंडं माझ्यापेक्षा बरं शिकवतील, फक्त जरा घाईने शिकवतील. (हशा) मी इतिहास सांगणार आहे. विषय दिसायला अगदी लहान आहे. एकाच कॉम्प्युटरवर दोन ऑपरेटिंग सिस्टीम आहेत, समजा विंडोज आणि लिनक्स. तर एकीत लिहिलेला कागद दुसरीत उघडतो का? उघडत नसेल तर का नाही? आणि उघडत असेल, तर तो कोणाच्या कष्टाने उघडतो?

ह्या प्रश्नाशी माझी गाठ कशी पडली ते सांगतो. माझे एक सहकारी होते, इतिहास शिकवायचे. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहायचे. घरची भाषा सिंधी, पण मराठी इतकी स्वच्छ की नवीन विद्यार्थ्यांना ते पुण्याचे वाटायचे. निवृत्तीनंतर त्यांनी लहानपणच्या आठवणी मराठीत लिहिल्या. कराचीहून बोटीने मुंबईला येणं, मग कल्याणच्या छावणीतली बराक, नळावरच्या रांगा. सगळं स्वतः टाईप केलं, विंडोजवर, त्या काळी मिळणाऱ्या एका मराठी फॉन्टमध्ये. पुस्तक व्हायचं राहिलं आणि ते गेले.

पुढे काही वर्षांनी त्यांची नात माझ्याकडे आली. तोच कॉम्प्युटर घेऊन. मधल्या काळात कोणीतरी विंडोज पुसून नव्याने टाकलं होतं, आणि यंत्र फार हळू चालतं म्हणून तिने शेजारी लिनक्सही बसवलं होतं. आजोबांची फाईल मात्र दुसऱ्या ड्राइव्हवर होती, म्हणून वाचली. ती म्हणाली, "सर, फाईल दोन्हीकडून दिसते. दोन्हीकडे उघडतेसुद्धा. पण वाचता कुठेच येत नाही." मी पाहिलं. पानंच्या पानं इंग्रजी अक्षरं, टोपीवाली अक्षरं, चिन्हं. ओळी होत्या, परिच्छेद होते, शीर्षकं मध्यभागी होती. फक्त मराठी नव्हतं.

म्हणजे बघा, दोन्ही घरांच्या किल्ल्या हातात, कपाट उघडं, वही समोर, आणि अक्षर लागत नाही. त्या दिवशी मला कळलं की कुलूप एक नसतं, तीन असतात. पहिलं कपाटाचं, दुसरं वहीचं, तिसरं अक्षराचं. आजचं व्याख्यान ह्या तीन कुलपांचा इतिहास आहे.

घोडा बदलला, थैली तीच

आपण बदलापुरात बसलोय, तर इथूनच सुरू करू. गावाच्या नावाची एक कथा आपण लहानपणापासून ऐकतो. वाटेवरचे स्वार इथे दमलेले घोडे बदलायचे, म्हणून बदलापूर. व्युत्पत्तीचे जाणकार ह्यावर वाद घालतील, त्यांना घालू द्या. मला ती आज उदाहरण म्हणून हवी आहे.

निरोप्या आला. घोडा बदलला. स्वार तोच, पत्रांची थैलीही तीच. पण ह्यात एक अट आहे, जिच्याकडे आपलं लक्ष जात नाही. जुन्या खोगिराला जी थैली अडकत होती ती नव्या खोगिरालाही अडकायला हवी. नाहीतर घोडा कितीही चपळ असो, पत्रं बदलापुरातच राहतील. कॉम्प्युटर सुरू केल्यावर दोन नावांची यादी येते आणि तो विचारतो, आज कोणत्या घोड्यावर? एका वेळी एकावरच बसता येतं. थैलीचं काय करायचं हे मात्र तो विचारत नाही.

पहिलं कुलूप: कपाट

मार्च १९८३ मध्ये आयबीएमने हार्डडिस्क असलेला पीसी एक्सटी बाजारात आणला. डिस्कची क्षमता दहा मेगाबाईट. आज मोबाईलवरचे दोनतीन फोटो तेवढी जागा खातात. त्याच्याबरोबर डॉसची दुसरी आवृत्ती आली, आणि तिने डिस्कच्या अगदी सुरुवातीला एक छोटा तक्ता ठेवला. त्यात चार रकाने होते. डिस्कचे जास्तीत जास्त चार भाग पाडा, कुठला भाग कुठून कुठपर्यंत ते इथे लिहा. हे कशासाठी? तर एका डिस्कवर एकापेक्षा जास्त ऑपरेटिंग सिस्टीम राहू शकाव्यात म्हणून. म्हणजे दोन संसार एका यंत्रात नांदवणं ही नंतरच्या पोरांची खोडी नव्हे. त्याची सोय हार्डडिस्कवाल्या पीसीत पहिल्यापासून होती.

ह्या भागांना म्हणतात पार्टिशन. आता उल्हासनगरच्या माणसासमोर हा शब्द हलकेच उच्चारता येत नाही. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, फाळणीनंतर तिथे आलेली सिंधी कुटुंबं, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला. हे सगळं आपल्या माहितीचं आहे. पण त्यातली एक गोष्ट आजच्या विषयाला लागू आहे. मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे नोंदवण्यासाठी १९५० साली कायदा झाला. दावा करायचा तर पुरावा हवा, आणि पुरावा म्हणजे बहुधा कागद. घर सोडताना ज्याने ट्रंकेत कागद टाकले त्याला एक आधार होता. जमिनीची वाटणी नकाशावर रेघ मारून होते, कागदांची तशी होत नाही. एकाच कागदाची गरज दोन्हीकडे पडते.

परत डिस्ककडे. तक्त्याने हद्दी आखल्या. हद्दीच्या आत कोणी सामान कसं लावायचं हे त्याने ठरवलं नाही. हार्डडिस्क हे एक वाचनालय समजा. पुस्तकं आहेत, पण कुठलं कुठल्या फळीवर, हे दाखलवहीत लिहिलेलं असतं. ती दाखलवही म्हणजे फाईल सिस्टीम. दाखलवही वाचता आली नाही तर पुस्तकं असूनही नसल्यासारखी.

मायक्रोसॉफ्टमध्ये १९७७ साली मार्क मॅक्डोनल्ड ह्या प्रोग्रामरने एक साधी दाखलवही तयार केली. तिचं नाव फॅट. एका कप्प्यात फाईलचा तुकडा, आणि पुढचा तुकडा कुठे आहे हे तक्त्यात. इतकंच. १९८१ साली डॉसबरोबर ती घरोघरी गेली. ती इतकी साधी होती की पुढे सगळ्यांना वाचता आली.

मग १९९१ साली हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोर्वाल्ड्स ह्याने लिनक्स सुरू केलं. सुरुवातीला त्याने मिनिक्स नावाच्या शिकवणीच्या सिस्टीमची दाखलवही उसनी घेतली. ती अपुरी पडली. जानेवारी १९९३ मध्ये रेमी कार्ड आणि सहकाऱ्यांनी लिनक्ससाठी स्वतःची भक्कम वही दिली, ईएक्सटी-टू. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये विंडोज एनटी आलं, आपली नवी वही घेऊन, एनटीएफएस. म्हणजे १९९३ ह्या एकाच वर्षात दोन्ही घरांनी नवे हिशेब नव्या पद्धतीने लिहायला घेतले, आणि एकाची नोंद दुसऱ्याला लागेना.

मग लोक काय करत? मधे फॅटचा एक छोटा भाग ठेवत. जुन्या वाड्यांत दोन बिऱ्हाडांची ओसरी सामाईक असायची तशी. दोघांनाही तिथे ये-जा. पण ओसरीवर किमती सामान ठेवत नाहीत. फॅटमध्ये फाईल कोणाच्या मालकीची ह्याची नोंद नसते, आणि १९९६ साली आलेल्या तिच्या सुधारित रूपातही चार गिगाबाईटपेक्षा मोठी फाईल मावत नाही.

एनटीएफएसची पूर्ण रचना मालकांनी जाहीर केली नव्हती. तेव्हा लिनक्सच्या बाजूची माणसं डिस्कवर काय उमटतं ते बघून, तर्क लावून, चुका करून ती शिकली. अशोकाची ब्राह्मी वाचणाऱ्या प्रिन्सेपने हेच केलं होतं. आधी नुसतं वाचता येऊ लागलं. लिहिणं धोक्याचं होतं, कारण दुसऱ्याच्या दाखलवहीत चुकीची एक ओळ पडली तर पुढच्या सगळ्या नोंदी हलतात. भरवशाने लिहिता येणारी पहिली पक्की आवृत्ती, एनटीएफएस-थ्रीजी, साबोल्च साकाचिच ह्या हंगेरियन प्रोग्रामरने फेब्रुवारी २००७ मध्ये दिली. जुलै १९९३ ते फेब्रुवारी २००७, जवळजवळ साडेतेरा वर्षं. त्यानंतर २०१९ साली मायक्रोसॉफ्टने एक्सफॅट ह्या आपल्या दुसऱ्या वहीची रचना स्वतः जाहीर केली आणि ती लिनक्समध्ये अधिकृतपणे आली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. लिनक्स विंडोजचं कपाट उघडतं. विंडोज, वेगळी सोय केल्याशिवाय, आजही लिनक्सची वही वाचत नाही. म्हणून सामाईक कपाट ठेवायचं तर ते विंडोजच्या पद्धतीने ठेवावं लागतं. नंतर आलेल्याने आधीच्याची भाषा शिकायची, हा जगाचा रिवाज. माझे सहकारी मराठी शिकले, त्यात पुस्तक लिहिलं. त्यांच्या शेजारी आयुष्य काढलेल्या मला सिंधीचं एक अक्षर येत नाही. हे मी अभिमानाने सांगत नाही.

झोपलेलं घर आणि साडेपाच तास

कपाटाच्या बाबतीत दोन सूचना, कारण ह्या दोन्हींत मी स्वतः फसलो आहे.

पहिली. एका घरातून दुसऱ्यात जाताना पहिलं नीट बंद करा. कॉम्प्युटर झोपवणं आणि बंद करणं ह्यात फरक आहे. झोपवताना सिस्टीम स्वतःच्या मनातली सगळी स्थिती डिस्कवर लिहून ठेवते, आणि जागी झाल्यावर जग तसंच आहे असं धरून चालते. विंडोज आठ, म्हणजे २०१२ पासून, लवकर सुरू होण्यासाठी साध्या बंद करण्यातही काही भाग अशा झोपेत ठेवला जातो. ती सोय बंद करता येते. मी काय केलं, एक घर झोपेत असताना दुसऱ्यातून सामाईक कपाट जबरदस्तीने उघडलं, एका लेखाचा शेवट लिहिला, आणि परत गेलो. झोपेतून उठलेल्याने जुनीच स्थिती खरी मानली. लेखाचा शेवट गेला. चूक माझीच. लिनक्स आधी सांगत होतं की मी नुसतं वाचू देईन, लिहू देणार नाही. मीच ऐकलं नाही.

दुसरी गोष्ट घड्याळाची. यंत्रात एक छोटं घड्याळ असतं, कॉम्प्युटर बंद असतानाही चालणारं. विंडोज, डॉसपासूनच्या सवयीने, त्यात स्थानिक वेळ ठेवतं. लिनक्स साधारणपणे जागतिक प्रमाणवेळ ठेवतं. भारतात दोन्हींत फरक साडेपाच तासांचा. म्हणून घर बदललं की सकाळचे दहा एकदम दुपारचे साडेतीन होतात. गंमत वाटते, पण एकाच लेखाच्या दोन प्रतींपैकी नंतरची कुठली हे आपण वेळ बघूनच ठरवतो ना? तिथे घोटाळा होतो. मुंबईकराला खरं तर ह्याचं नवल वाटू नये. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईने आपली एकोणचाळीस मिनिटं मागची वेळ पुढे बराच काळ सोडली नाही. त्या काळी वेळ सांगताना कुठली वेळ तेही सांगावं लागे. इथेही उपाय तोच आहे. दोन्ही घरांनी कुठली वेळ मानायची हे एकदा सांगून टाकायचं.

दुसरं कुलूप: वही

हा भाग थोडक्यात सांगतो. कपाट उघडलं, वही मिळाली. पण वर्डची जुनी फाईल म्हणजे नुसता मजकूर नसतो. ठळक कुठे, समास किती, तक्ता कसा, हे सगळं एका खास बांधणीत भरलेलं असतं. ती बांधणी कंपनीच्या घरातली. २००० साली ओपन ऑफिसचं अंतरंग सर्वांसाठी खुलं झालं आणि तिथल्या लोकांनी पुन्हा तेच केलं, बाहेरून बघून आतलं ओळखणं.

पण ह्या वेळी दुसरा एक मार्गही निघाला. वहीची बांधणी जाहीर करून ती कोणालाही वापरता येईल असा दंडक करायचा. ओपन डॉक्युमेंट फॉरमॅटला २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली. मायक्रोसॉफ्टच्या नव्या फॉरमॅटला २००८ साली मिळाली, बऱ्याच वादानंतर, आणि भारताने त्या मतदानात विरोधी मत दिलं होतं. त्याच वर्षी जुन्या वर्ड फाईलची बांधणीही कंपनीने जाहीर केली. नोव्हेंबर २०१० मध्ये भारत सरकारने आपल्या कारभारासाठी खुल्या मानकांचं धोरण काढलं. तहसीलदार कचेरीत आज केलेली नोंद चाळीस वर्षांनी उघडायला विशिष्ट कंपनीचं दुकान चालू असण्याची गरज पडू नये, इतका साधा त्याचा अर्थ.

म्हणजे माझ्या सहकाऱ्यांची फाईल आम्हाला दोन्हीकडून दिसली आणि उघडली, ती ह्या दोन कुलपांवर कष्ट केलेल्या अनोळखी लोकांमुळे. तिसरं कुलूप आमच्याच भाषेचं होतं.

तिसरं कुलूप: अक्षर

कॉम्प्युटर अक्षर ओळखत नाही, आकडे ओळखतो. कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर म्हणायचं हा करार असतो. इंग्रजीसाठी तो करार साठच्या दशकातच झाला. भारतीय लिपींसाठी इस्की नावाचा करार १९८८ मध्ये झाला आणि १९९१ साली भारतीय मानक म्हणून नक्की झाला. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि मग पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं काम त्याच्यामागे होतं. त्यातला विचार फार नेमका होता. 'क' ला एक आकडा. अर्धा क, पूर्ण क, जोडाक्षरातला क, ही सगळी त्याची रूपं. ती पडद्यावर दाखवताना घडवायची, साठवायची नाहीत.

पण छपाईच्या बाजाराला घाई होती. लग्नपत्रिका, साप्ताहिकं, प्रचारपत्रकं. त्यांनी सोपी युक्ती काढली. इंग्रजी अक्षरांचेच आकडे ठेवायचे, पण फॉन्टमध्ये त्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे काढायचे. एका जागी अर्धा क, एका जागी काना, एका जागी वेलांटी. बहुतेक फॉन्टवाल्यांनी हे तुकडे आपापल्या क्रमाने मांडले. कागदावर छापलं की सुंदर मराठी दिसे. पण यंत्राच्या दृष्टीने ते मराठी नव्हतंच. ती इंग्रजी चिन्हांची रांग, तिच्यावर मराठी मुखवटा. फॉन्ट गेला की मुखवटा गेला.

आता मला माझ्या विषयात एक मिनिट जाऊ द्या. पाचव्या शतकाच्या सुमारास भर्तृहरीने वाक्यपदीयात एक भेद केला. ध्वनी वेगळा आणि स्फोट वेगळा. मी 'गाय' म्हटलं, तुम्ही म्हटलं, एखाद्या बाळाने बोबडं म्हटलं, प्रत्येक वेळी ध्वनी निराळा. तरी आपण एकच शब्द ओळखतो. जे ओळखलं जातं ते स्फोट. ध्वनी त्याला प्रकट करतो आणि विरून जातो. भर्तृहरीचा मूळ प्रश्न ह्याहून खोल आहे, हे मला ठाऊक आहे. पण अक्षर आणि अक्षराचं चित्र ह्यांतला भेद समजायला तो फार उपयोगी पडतो. जुन्या फॉन्टने चित्र साठवलं. इस्कीने आणि मग युनिकोडने अक्षर साठवलं. चित्र फॉन्टच्या मालकाचं असतं. अक्षर कोणाच्या मालकीचं नसतं, म्हणूनच ते एका घरातून दुसऱ्या घरात जाऊ शकतं.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. तिच्यातला देवनागरीचा तक्ता इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरच बेतलेला आहे. विंडोज २००० मध्ये देवनागरीला बसल्याजागी आधार मिळाला, सोबत मंगल हा फॉन्ट आला. तो रेखला आपल्या मराठी कवी आणि अक्षरकाराने, र. कृ. जोशींनी. आणि त्याच जोशींनी रघु नावाचा फॉन्ट खुल्या परवान्याखाली दिला, जो लिनक्सवाल्यांना वापरता आला. मला ही गोष्ट फार आवडते. दोन्ही घरांच्या दारावरची पाटी एकाच हाताने लिहिलेली.

म्हणून सगळं सुरळीत झालं का? मराठीत एक खास अडचण आहे. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द घ्या. पहिल्यात गुरुजींना बोलावलंय, दुसऱ्यात स्वयंपाक्यांना. (हशा) हा दुसरा, आडवा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, नुक्तेवाला ऱ आणि हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आतले आकडे निराळे. म्हणून एका कीबोर्डवरून लिहिलेला 'दुसऱ्या' दुसऱ्या कीबोर्डवरून शोधला तर काही ठिकाणी सापडत नाही. फाईल आहे, शब्द डोळ्यांसमोर आहे, आणि यंत्र म्हणतं, नाही. घरं बदलताना हे जास्त जाणवतं, कारण दोन घरांचे कीबोर्ड वेगळे बसवलेले असू शकतात. दोन्हीकडे एकच बसवा.

आणि सिंधी? तिचं दुखणं आणखी जुनं. १८५३ च्या सुमारास इंग्रजी अमलात अरबी-फारसी वळणाची बावन्न अक्षरांची सिंधी लिपी ठरवली गेली. भारतात आल्यावर देवनागरीही आली, आणि दोन्ही चालू राहिल्या. १९६७ साली सिंधी आठव्या अनुसूचीत आली. पण एका लिपीतून दुसरीत जाणं हे सरळ भाषांतरासारखंही नाही. अरबी वळणात ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीत, वाचणारा ते मनाने भरतो. उलट 'स' आणि 'ज' साठी तिथे अनेक अक्षरं आहेत, ती देवनागरीत एकात मिसळतात. सिंधीचे आत श्वास ओढून उच्चारायचे चार वर्ण देवनागरीत खाली रेघ देऊन लिहितात. ते युनिकोडमध्ये आले २००६ साली. तोवर उल्हासनगरातल्या कोणाला आपल्या भाषेतला शब्द कॉम्प्युटरवर देवनागरीत नीट लिहायचा म्हटलं, तर त्यासाठी ठरलेला आकडाच नव्हता.

आपणही फार फुशारकी मारू नये. बदलापूर-अंबरनाथच्या जुन्या घरांत माळ्यावर मोडीतले कागद आहेत. त्याच घरात, त्याच भाषेत, दोन पिढ्यांपूर्वी लिहिलेले. वाचणारं घरात कोणी नाही. मोडी युनिकोडमध्ये आली २०१४ साली. आणि अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. त्या वेळची नागरी आजच्यासारखी नाही, तरी अभ्यासकांना तो वाचता आला. दगड टिकला हे एक कारण. पण त्या वळणाचे इतर अनेक लेख ठिकठिकाणी होते, एकाने दुसरा वाचायला मदत केली, हे दुसरं आणि मोठं कारण. जी लिपी पुष्कळांची होती, ती पुन्हा लागली.

फाईलचं काय झालं

आता तुम्ही विचाराल, त्या नातीचं काय झालं. सांगतो.

माझ्या सहकाऱ्यांनी पहिली काही पानं मला तपासायला छापून दिली होती. माझ्या खणात शोधलं, तर त्यातली दोन मिळाली. मग आम्ही दोघं बसलो. पडद्यावर चिन्हं, हातात छापलेलं पान. ह्या चिन्हाला हे अक्षर, त्या चिन्हाला तो काना. तिने तक्ता केला आणि एक छोटा प्रोग्राम लिहिला. पहिल्या फेरीत सगळ्या वेलांट्या एक घर मागे आणि रफार एक घर पुढे गेले. कारण जुना फॉन्ट डोळ्यांना दिसेल त्या क्रमाने लिहितो आणि युनिकोड उच्चाराच्या क्रमाने. 'किती' मधली पहिली वेलांटी दिसते क च्या आधी, उच्चारतो आपण नंतर. ते उलटं करायला चार संध्याकाळी गेल्या. पाचव्या संध्याकाळी पडद्यावर पहिला पूर्ण परिच्छेद उमटला. बराकीत दोन कुटुंबांच्या मधे गोणपाटाचा पडदा होता आणि पलीकडच्या घरातली गोष्ट ऐकत हा मुलगा झोपायचा, असा तो परिच्छेद. ती वाचत होती, मी ऐकत होतो. मध्येच ती थांबली. म्हणाली, "हे आजोबांनी कधी सांगितलं नाही." मी म्हटलं, "सांगितलं होतं बाळ. लिहून ठेवलं होतं."

सगळं परत आलं का? नाही. जी चिन्हं आमच्या दोन पानांवर नव्हती, त्यांतली काही जोडाक्षरं अंदाजाने भरली, काही अजून चौकोनच आहेत. आणि छापलेल्या एका पानाच्या समासात त्यांनी शाईने तीन शब्द लिहिले होते, सिंधीत, अरबी वळणात. तिला वाचता येईनात, मला तर नाहीच. तिने ते कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराला दाखवले. त्याने चष्मा पुसला आणि लगेच वाचले. आईचं माहेरचं नाव, गावाचं नाव, आणि बोटीवर ओळख झालेल्या एका मुलाचं. मजकुरात ही नावं मराठी अक्षरांत होती, पण त्यांना ती बरोबर वाटली नसावीत.

त्या दुकानदाराचं वय मी विचारलं नाही. पण हा प्रश्न पडला, की दहा वर्षांनी ती आली असती तर कोणाकडे गेली असती?

शेवटी

मला सांगायचं आहे ते एवढंच. एका यंत्रात दोन सिस्टीम असणं वाईट नाही. एका गावात दोन भाषा, एका भाषेत दोन लिपी असणंही वाईट नाही. आपण अशाच गावांत वाढलो. कागद दोन्हीकडे चालतो तो दोन्हीकडच्यांनी मान्य केलेल्या, आणि दोघांपैकी कोणाच्याही खिशात नसलेल्या कराराच्या जोरावर. असा करार आपोआप होत नाही. तो करायला माणसं लागतात आणि वर्षं लागतात. आणि झाल्यावरही तो वापरावा लागतो.

म्हणून घरी गेल्यावर एक काम करा. स्वतःची सगळ्यात जुनी मराठी फाईल काढा. ती दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या सिस्टीमवर उघडून बघा. वाचता आली तर उत्तम. नाही आली, तर तो फॉन्ट अजून जिवंत आहे तोवर तिचं युनिकोडमध्ये रूपांतर करा, खुल्या फॉरमॅटमध्ये एक प्रत ठेवा, आणि दोनचार पानं कागदावर छापून ठेवा. आम्हाला शेवटी त्याच दोन पानांनी तारलं.

(प्रश्नोत्तरांतून एक प्रश्न)

प्रश्न: सर, आता सगळं क्लाऊडवर असतं. मग ह्या दोन घरांची कटकट उरतेच कुठे?

उत्तर: चांगला प्रश्न. क्लाऊडमुळे पहिल्या कुलपाचा त्रास खरंच कमी झाला. दोन्ही घरांतून एकाच जागी जाता येतं. पण ती जागा आता तिसऱ्याच्या घरात आहे, आणि किल्ली त्याने दिली आहे. दुसरं आणि तिसरं कुलूप जिथे होतं तिथेच आहे. माझ्या सहकाऱ्यांची ती फाईल क्लाऊडवर ठेवली असती तर जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून उघडली असती, आणि कुठेच वाचता आली नसती. तेव्हा क्लाऊड जरूर वापरा, पण घरी एक प्रत असू द्या. आणि घरात कोणी मोडी किंवा जुनी सिंधी वाचणारं असेल, तर येत्या रविवारी त्यांच्याशेजारी जाऊन बसा.